दारात बसून खाल्लेला खजूर

१९ सप्टेंबर

आज रिहामने मला पाहून रस्ता बदलला.

पोटची पोर माझी. बाजाराच्या कोपऱ्यावर समोरून येत होती, हातात टोमॅटोची पिशवी. तिचंही पोट पुढे, माझंही पोट पुढे. तिने मान वळवली आणि पूल चढून कालव्याच्या पलीकडे गेली. एवढा वळसा! सातव्या महिन्यातली बाई ओझं घेऊन पूल चढते – का, तर आईशी बोलावं लागू नये.

मी हाक मारली नाही. बाजारात मासेवाली होती, केरोसीनवाला होता, आणि सगळे माझ्या झग्याकडे बघत होते. बघा म्हटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी इन्साफ बाळंत होणार आहे, हे आता गावात फक्त गाढवांनाच माहीत नसेल.

घरी आल्यावर मेतवल्लीला सांगितलं. तो अंगणात खजुरीच्या दांड्यांच्या पेट्या विणत बसला होता – हंगाम सुरू झालाय, खजुराला पेट्या कमी पडतात. दांड्याला भोक पाडता पाडता म्हणाला, "सासूची भीती असेल." नवरा माझा भला आहे. त्याला सगळं जग कुणाच्या तरी सासूला घाबरून चालतं असं वाटतं.

२१ सप्टेंबर

झोप नाही, पाठ दुखते, पाय सुजलेत. चिडचिड होतेय. लिहून तरी टाकते.

फेब्रुवारीत पाळी चुकली तेव्हा मी खूश होते. चला, सुटले म्हटलं. शाळेत मुलींना शिवण शिकवताना दर महिन्याला कंबर धरून बसायचे, ते संपलं. एप्रिलमध्ये पोटात काहीतरी हललं. मला वाटलं गॅस!

दवाखान्यात खरं काय ते कळलं, आणि मेतवल्लीची बहीण दुसऱ्याच दिवशी पोट पाडायच्या गोळ्या घेऊन आली होती. म्हणे, शहरातल्या एका बाईकडून आणल्यात, गाजावाजा होणार नाही. मी गोळ्या तिच्या हातात परत ठेवल्या आणि चहा विचारला. तिने चहा घेतला नाही.

रिहामला सांगायला गेले तेव्हा कळलं, तिलाही दिवस गेलेत. लग्नाला वर्ष पुरं झालं नव्हतं. तिच्या सासूने – उम्म वाएलने, म्हणजे जावई वाएलच्या आईने – पेढे वाटावेत तशी बातमी वाटली होती, आणि वर मी माझी घेऊन गेले. विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "उम्म रिहाम, लेकीची बाळंतपणं करायची असतात ग. तिच्याशी शर्यत नाही लावायची." सगळ्या बायका हसल्या. रिहाम हसली नाही. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. तेव्हापासून अशीच आहे.

लाज वाटते तिला माझी. वाटू दे. मी काही चोरी केलेली नाही.

२६ सप्टेंबर

सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टरीण आहे. रिहामच्याच वयाची असेल. वय विचारलं, मी सांगितलं, तिने पेन थांबवलं. मग तिला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं असावं, पुढे नीट बोलली. बाळ चांगलं आहे. डोकं खाली आहे. वय जास्त आहे म्हणून लक्ष ठेवावं लागेल, वेळ पडली तर सिझेरियन.

मी म्हटलं वेळ पडली तर कापा, माझी ना नाही. वेळ पडण्याआधी कापू नका.

आणि खजूर? विचारूनच टाकलं. माझ्या आईने शेवटच्या महिन्यात खाल्ला, तिच्या आईने खाल्ला. कुराणात मरयमला कळा आल्या तेव्हा तीही खजुरीच्या बुंध्याशीच टेकली होती, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. डॉक्टरीण म्हणाली, त्यावर थोडा अभ्यास झालाय. गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला, कळा आपल्या आपण सुरू व्हायला थोडी मदत होत असावी. पण औषध समजू नका, आणि साखर तपासल्याशिवाय मुठी भरून खाऊ नका.

मला हे उत्तर आवडलं. 'खुळचट समजूत' म्हणाली असती तर मी पाटी भरून खाल्ला असता.

३ ऑक्टोबर

नववा लागला. आज सुरुवात केली.

मेतवल्ली पहाटे बागेत गेला आणि हयानी जातीच्या खजुराचा पहिला पिकलेला घड घेऊन आला. काळा, मऊ, बोट लावलं की साल सुटते. सात मोजून बशीत घेतले. मग आत बसून खायच्या ऐवजी खुर्ची उचलली आणि दारात मांडली.

का लपून खायचं? सहा महिने मी मोठाले झगे घालून, पिशव्या पोटापुढे धरून चालले. पुरे झालं. बागेकडे जाणारी सगळी माणसं आमच्या दारावरून जातात. जाताना मेतवल्लीला सलाम करायची आणि माझ्यावरून नजर उचलून आभाळात न्यायची, जणू वर पाऊस बघतायत. मी प्रत्येकाला नावाने सलाम केला. तोंडात खजूर होता तरी केला.

शेजारची अवातिफ तिचं स्टूल घेऊन येऊन बसली. सहा पोरांची आई. तिने माझ्या बशीतला एक उचलला. मी म्हटलं, तू कशाला खातेस, तुला काय व्हायचंय? म्हणाली, "मला तुझ्याशेजारी बसायला जोर लागतो." भली बाई आहे. बिया डब्यात टाकत दोघी ऊन वर येईपर्यंत बसलो.

रिहामसाठी निवडून निवडून एक डबा भरला. तिला अजून वेळ आहे, पण घरात असू दे. मेतवल्ली देऊन आला.

५ ऑक्टोबर

डबा परत आला. झाकणही उघडलेलं नाही.

६ ऑक्टोबर

परत पाठवला.

९ ऑक्टोबर

परत आला. या वेळी उम्म वाएलचा निरोपही आला – डॉक्टरांनी रिहामला गोड कमी सांगितलंय, तसदी घेऊ नये.

तसदी! आमच्या बागेतला खजूर ही तसदी!

१० ऑक्टोबर

स्वतःच गेले. चालत. दोनदा वाटेत थांबावं लागलं.

उम्म वाएलने बसवलं, सरबत दिलं, आणि मग मोठ्या दिमाखात सांगितलं की तारीख ठरली आहे. चौदा नोव्हेंबर. गीझाच्या खासगी दवाखान्यात. वाएलला कुवेतहून पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे, त्यात सगळं बसतं. ऑपरेशन, सातव्या दिवसाचं जेवण, सगळं.

मी विचारलं, रिहामला काही त्रास आहे का? बाळ आडवं आहे का? रक्तदाब वाढलाय का?

काही नाही. सगळं व्यवस्थित आहे.

"मग पोट का फाडायचं?" मी म्हटलं. "पोर विमानाच्या तिकिटावर येणार आहे का?"

विहीणबाई म्हणाल्या की आता सगळ्या असंच करतात, त्यांच्या पुतण्यांच्या बायका, भाच्या, सगळ्या. स्वच्छ काम. आरडाओरडा नाही. आणि माझ्याकडे – माझ्या पोटाकडे – बघून म्हणाल्या की ज्याची त्याची पद्धत.

रिहाम दारात उभी होती. मी तिला म्हटलं, तू बोल ना. तुला बावीस वर्षं वाढवलं, बोलायला शिकवलं, आता तुझं पोट हे लोक रजेच्या कागदावर लिहून मोकळे झाले आणि तू गप्प? ती आत निघून गेली. दार लावून घेतलं.

येताना उम्म वाएलने बोलावलेल्या रिक्षात बसले नाही. पाय तुटले तरी चालतच आले.

१३ ऑक्टोबर

साखर काठावर! डॉक्टरीण म्हणाली खजूर बंद करा. मी म्हटलं रोटी बंद करते, भात बंद करते, चहातली साखर बंद करते, सरबत बंद करते – खजूर राहू दे. ती हसायला लागली. शेवटी तडजोड झाली: सातऐवजी चार, एकदम नाही, दोन सकाळी दोन दुपारी, सोबत दही, आणि दर चार दिवसांनी रक्त द्यायला यायचं.

घरी येऊन सांगितल्यावर मेतवल्लीने रोट्यांची टोपली उचलून माळ्यावर ठेवली. म्हणे, तुझ्यावर माझा भरवसा नाही. मी एवढं पोट घेऊन शिडी चढणार आहे का? त्याला रात्रीची उसळ रोटीशिवाय खावी लागली, कारण त्यालाही गुडघ्यामुळे परत शिडी चढवेना. शेवटी अवातिफच्या घरून रोट्या मागवल्या त्याने. मला एकही दिली नाही.

१७ ऑक्टोबर

साखर उतरली. डॉक्टरीण खूश. मी तिच्याहून खूश.

आज दारात बसले असताना मशीद झाडणारा म्हातारा खादिम थांबला. मला वाटलं आता हाही काहीतरी ऐकवणार. खिशातून दोन खजूर काढून माझ्या बशीत ठेवले. मदीनेचे आहेत म्हणाला, हजवरून कुणीतरी आणलेत. आणि चालता झाला.

डोळे भरून आले. हल्ली कशानेही येतात.

१९ ऑक्टोबर

आज गीझाला गेले. कुणाला न सांगता, मायक्रोबसने. मेतवल्लीला वाटलं अवातिफकडे आहे.

वाटभर मनात भाषण तयार केलं. डॉक्टर कसला, कसाई, हे पहिलं वाक्य. तुम्हाला सुट्टीचा दिवस मोकळा हवा म्हणून धडधाकट पोरीचं पोट कापता, हे दुसरं. दवाखाना चकचकीत. सगळ्या पोटुशा बायका, आणि प्रत्येकीच्या हातात तारीख. नंबर लागेपर्यंत मी खुर्चीत खदखदत बसले. आत गेल्यावर डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून विचारलं, पहिल्यांदाच आलात का? मी म्हटलं मी पेशंट नाही, मी रिहामची आई आहे.

आणि सोडलं तोंड. सगळं भाषण, पहिल्या वाक्यापासून.

त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले की पेशंटचं बोलणं ते बाहेर सांगत नाहीत, पण एवढं सांगतात – तारीख ना त्यांनी ठरवली, ना सासूने. त्यांनी तर रिहामला नॉर्मलसाठी दोनदा समजावलं होतं.

"मग कोणी ठरवली?"

"तुमच्या मुलीने मागून घेतली," म्हणाले. "का, ते तिला विचारा. पण माझ्याशी बोललात तसं नको."

परतीच्या मायक्रोबसमध्ये मला एक शब्दही आठवेना, ना त्या भाषणातला, ना दुसरा कुठला.

२० ऑक्टोबर

सकाळी रिहाम आली. डॉक्टरांनी फोन केला असणार.

दोन महिन्यांनी या दारात आली. मी दारातल्या खुर्चीत होते, बशी मांडीवर. मला उठता येईना, ती खाली पायरीवर बसली. तिलाही धड बसता येईना. दोघी तशाच.

मी म्हटलं, तुला माझी लाज वाटते ते मला समजतं. पण म्हणून स्वतःचं पोट –

"लाज?" ती म्हणाली. "आई, तुला असं वाटलं?"

मग तिने सांगितलं. मी इथे लिहिते, कारण कुणाला सांगणार नाही.

चौदा वर्षांपूर्वी माझं दुसरं बाळंतपण झालं, या घरातच, मागच्या खोलीत. कळा सुरू झाल्यावर रिहामला मी अवातिफकडे पाठवलं होतं. आठ वर्षांची होती. आजवर मी समजत होते ती तिकडेच होती. नव्हती. चपला विसरल्या म्हणून ती परत आली, आणि मागच्या भिंतीशी पेट्यांची रास होती तिच्यामागे बसून राहिली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, ती तिथेच. माझं सगळं ओरडणं तिने ऐकलं. मग ओरडणं थांबलं. मग मी सुईणीला एकच गोष्ट परत परत विचारत होते, तेही ऐकलं.

"तू विचारत होतीस, तो रडत का नाही," रिहाम म्हणाली. "आणि कुणीच बोलत नव्हतं. मी कानात बोटं घातली होती. तरी ऐकू येत होतं."

मुलगा होता. पुरे दिवस भरलेला. सगळं जागच्या जागी, नखं, भुवया. रडला नाही. मेतवल्लीने त्याला नेलं आणि मी त्याच्याबद्दल या घरात परत कधी बोलले नाही. मला वाटलं पोरीला काही माहीत नाही, बरं झालं.

ती म्हणाली, तिला वेणा नकोत. तिला ओरडायचं नाही, स्वतःचा तसा आवाज ऐकायचा नाही. टेबलावर झोपवा, कमरेखाली बधिर करा, आणि बाळ रडलेलं मला दाखवा, बस. आणि तू पोटुशी आहेस हे कळलं त्या दिवसापासून तुझ्याकडे बघवत नाही. तू परत त्या खोलीत जाणार असं वाटतं. तुला पाहिलं की मी परत त्या भिंतीमागे असते.

तिचं डोकं माझ्या मांडीवर घ्यायचं होतं, पण मांडीच शिल्लक नव्हती. दोघींच्या मध्ये दोन पोटं. शेवटी तिच्या केसांवरून हात फिरवला, तो खजुराने चिकट झालेला. केस चिकटले. तिने हात बाजूला केला नाही.

२१ ऑक्टोबर

खजूर खाल्ला नाही आज.

२२ ऑक्टोबर

खाल्ला. का नाही खायचा? तिची भीती तिची, तिचा निर्णय तिचा. माझं शरीर माझं. मी दोन्हींसाठी भांडेन.

त्या खोलीत मात्र जाणार नाही. मेतवल्लीला सांगितलं, कळा आल्या की सरळ बदरशीनच्या सरकारी इस्पितळात. तो म्हणाला, मी चौदा वर्षांपासून तेच म्हणणार होतो. माणूस चौदा वर्षं थांबतो कसा? पण तोही रडला नव्हता तेव्हा. आज रडला, पेटीचा दांडा हातात धरून.

२८ ऑक्टोबर

अवातिफच्या नातवाचा सातवा दिवस. शेंगदाणे, मेणबत्त्या, गाणी, रिवाजाप्रमाणे चाळणीत निजवलेलं बाळ. रिहाम माझ्याशेजारी बसली. सगळ्यांनी पाहिलं.

वाएलची मावशी होती. बोलायला लागली की हल्लीच्या मुली नाजूक, जरा दुखलं की चाकू मागतात, आम्ही शेतात बाळंत व्हायचो आणि संध्याकाळी रोट्या भाजायचो. रिहामकडे बघून. उम्म वाएलही मान हलवायला लागली – जिने मला 'सगळ्या असंच करतात' म्हणून ऐकवलं होतं तीच! आता तिला नातेवाइकांत सून धीट हवी होती.

मी म्हटलं, "मावशी, शेतात बाळंत झालेल्या सगळ्या परत आल्या का?"

बाईने हातातले शेंगदाणे खाली ठेवले. तिची स्वतःची थोरली बहीण गेलेली आहे बाळंतपणात, सगळ्यांना माहीत आहे. तोंडातून निघून गेल्यावर मला वाईट वाटलं. पण परत घेतलं नाही. पुढे सांगितलं की मी खजूर खाते, मला नॉर्मल हवंय, मी त्यासाठी जिवाचं रान करतेय. माझी लेक तारीख घेऊन ऑपरेशन करणार, तिने विचार करून ठरवलंय. आम्हा दोघींना ज्याला काही म्हणायचं असेल त्याने मला म्हणावं. माझ्या दारात रोज सकाळी खुर्ची असते.

वाटेत रिहामने माझ्या पिशवीतून खजूर काढून खाल्ला. मी बघत राहिले. म्हणाली, "कळांसाठी नाही ग. भूक लागलीय."

५ नोव्हेंबर

मुलगी! नवारा नाव ठेवलं.

परवा सकाळी दारात खुर्ची मांडत असतानाच पाणी गेलं. आपल्या आपण. मेतवल्लीने शेजाऱ्याची गाडी आणली, आणि रिहाम गाडीत येऊन बसली! मी नको म्हटलं, तिच्या बापाने नको म्हटलं. ती म्हणाली या वेळी ती भिंतीच्या या बाजूला राहणार आहे.

इस्पितळात नर्सने दोघींची पोटं पाहिली आणि विचारलं पेशंट कोण. रिहाम म्हणाली, "ही. मी चौदा तारखेची."

ड्युटीवरचा डॉक्टर वय वाचून आधीच ऑपरेशनच्या खोलीकडे बोट दाखवायला लागला होता. मी विचारलं, बाळाचे ठोके चांगले आहेत? आहेत. तोंड उघडतंय? उघडतंय. मग मला वेळ द्या. ठोके बिघडले तर मी स्वतः चालत टेबलावर येईन. त्याने खांदे उडवले, पण दिला वेळ. पट्टा बांधून ठोके ऐकत ठेवले.

खजुराने झालं की कशाने, मला माहीत नाही. कळा थांबल्या नाहीत, सुई टोचून वाढवाव्या लागल्या नाहीत, दुपार कलायच्या आत झालं. पण दुखलं नाही म्हणणारा खोटं बोलेल. मी ओरडले. ठरवलं होतं रिहामसमोर ओरडायचं नाही, आणि छत उडेल एवढी ओरडले. तिने हात सोडला नाही. तिची नखं माझ्या मनगटात रुतली, अजून खूण आहे.

आणि मग नवारा रडली. मांजरासारखी नाही, चांगली खणखणीत. मी रिहामकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा सगळा ओला होता. हसत होती.

मला वाटलं, झालं! पोरीची भीती गेली. हळूच विचारलं – आता काय म्हणतेस, चौदा तारीख?

"आई," ती म्हणाली, "आता तर मुळीच नाही."

टाके घालणारी नर्स इतकी हसली की डॉक्टर ओरडला तिच्यावर.

१४ नोव्हेंबर

रिहामला मुलगा झाला. मुआज. मी जाऊ शकले नाही, नवारा अंगावर आहे. वाएलने फोन रिहामच्या तोंडाशी धरला. म्हणाली, "रडला. मी विचारायच्या आधीच रडला."

१७ नोव्हेंबर

रिहामला आज इथे आणलं. लेक माहेरीच येणार, उम्म वाएल काहीही म्हणो. ती म्हणत होती की एका घरात दोन बाळंतिणी, करणार कोण? अवातिफ करते. मेतवल्ली मेथीचं पाणी उकळतो आणि जाळतो. आम्हा दोघींना पुढची खोली, रिहामला माझी खाट, मी खाली गादीवर.

पण पोरीला ताप आहे. टाका लाल झालाय, डॉक्टरांनी औषध दिलंय, दोन दिवसांत उतरेल म्हणाले. दूध नाही. मुआज बाटली तोंडात घेत नाही, चमचा थुंकून टाकतो. सकाळपासून रडतोय. माझी नवारा पिऊन झोपलेली आणि माझा झगा पुढून ओला. काय करायचं असतं अशा वेळी? उचललं आणि घेतलं छातीशी. असा पकडला त्याने, जणू मला ओळखतच होता.

उम्म वाएल दारात उभी. म्हणाली, एक-दोनदा ठीक आहे, चार वेळाही ठीक. पाचव्यांदा पोटभर पाजलंस की दुधाचं नातं लागतं, तो तुझा मुलगा होतो, मग उद्या नवाराच्या मुली त्याला लग्नाला चालणार नाहीत.

नवाराच्या मुली! नवाराची नाळ अजून पडायचीय.

वाएल बिचारा बायकोकडे बघत होता. रिहाम तापात डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "पाजू दे तिला. मी मोजतेय."

१९ नोव्हेंबर

रिहामचा ताप उतरला. पहाटे तिला दूध आलं. सकाळपासून तीच पाजतेय, तो छान पितोय. माझं पोटभर पाजणं चार वेळा झालं होतं, बाकी वेळी थेंब थेंब बाटलीने भागवलं होतं. तिथेच थांबलं असतं, थांबायलाच हवं होतं.

दुपारी उम्म वाएल नमाजला बसली. रिहाम पोट धरून खाटेवरून उठली, सावकाश माझ्या गादीपर्यंत आली, मुआजला माझ्या मांडीवर ठेवलं.

"पाचवी," म्हणाली.

तो पोट भरून झोपेपर्यंत पाजलं.

मला मुलगा आहे.